सुधारित सांबा महसुरी : कडा करप्यापुढे टिकणाऱ्या धानाच्या वाणाचे परीक्षण

पूर्व विदर्भातील धान उत्पादकाला बीपीटी 5204 या नावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. आंध्र प्रदेशातील बापट्ला येथील संशोधन केंद्रात तयार झालेला आणि 1986 साली प्रसारित झालेला हा सांबा महसुरी वाण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत आजही मोठ्या आवडीने लावला जातो, कारण त्याचा दाणा बारीक, भात मऊ आणि बाजारातील मागणी खात्रीची असते. त्याचा एकच दोष असा आहे की तो शेतकऱ्याचे संपूर्ण गणित बिघडवू शकतो. हा वाण कडा करप्याला, म्हणजे जिवाणूजन्य करप्याला, फार लवकर बळी पडतो. हा दोष दूर करण्यासाठी हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय, जे आज भारतीय भात संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, आणि त्याच शहरातील सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) ही प्रयोगशाळा यांनी मिळून ‘सुधारित सांबा महसुरी’ अर्थात आरपी बायो 226 हा वाण तयार केला. तो 2008 साली प्रसारित झाला आणि ज्या राज्यांसाठी त्याची शिफारस झाली त्यांत महाराष्ट्रही आहे. आम्ही हा वाण मूळ बीपीटीच्या शेजारच्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) लावून पाहिला असून, त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

कडा करपा ज्याने पाहिला आहे त्याला या वाणाचे मोल लगेच कळेल. पानाचे टोक आणि कडा आधी फिकट पिवळ्या होतात, मग तो पिवळेपणा नागमोडी रेषेने पानाच्या मध्याकडे सरकतो आणि काही दिवसांत संपूर्ण पान वाळल्या गवतासारखे पांढरट होते. सकाळी दव असताना अशा पानावर दुधाळ रंगाचे बारीक थेंब दिसतात. ऊन चढले की तेच थेंब पिवळसर मण्यांसारखे वाळून बसतात. शंका असल्यास रोगट पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरावा. थोड्याच वेळात कापलेल्या कडेतून धुरासारखी पांढरट धार पाण्यात उतरू लागते, आणि ती धार म्हणजे लाखो जिवाणू असतात. वादळी पाऊस झाला की पाने एकमेकांवर घासून जखमा होतात, पाण्याबरोबर जिवाणू एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातात, आणि युरियाचा हप्ता जास्त झालेला असेल तर रोग अधिकच पसरतो. तीव्र प्रादुर्भावात निम्मे पीकही जाऊ शकते. यावर खात्रीने रोग थांबवील असे औषध नाही. प्रतिजैविक आणि ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्यांवर शेतकरी बराच पैसा घालवतो, पण रोग एकदा पसरल्यावर त्या फवारण्यांनी फारसे काही साधत नाही. म्हणून येथे बियाण्यातच प्रतिकारशक्ती असणे हाच खरा उपाय ठरतो.

या वाणात तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणलेली आहेत, आणि मला या बियाण्यातील सर्वांत अभ्यासपूर्ण काम हेच वाटते. एक्सए 21 हे जनुक मूळचे आफ्रिकेतील एका जंगली भाताचे आहे. ते वनस्पतीला जिवाणूची चाहूल लागताच सावध करते, मात्र त्याचा प्रभाव रोपाचे वय वाढेल तसा वाढतो. एक्सए 13 ची गोष्ट वेगळी आहे. रोगाचा जिवाणू पेशीतील साखर बाहेर आणणाऱ्या एका जनुकाला स्वतःच्या सोयीसाठी चालू करून घेतो; एक्सए 13 असलेल्या रोपात त्या जनुकाचे नियंत्रण करणारा भाग बदललेला असल्याने जिवाणूला ते चालू करता येत नाही आणि त्याची उपासमार होते. एक्सए 5 मध्ये जनुके चालू करण्याच्या यंत्रणेतील एका प्रथिनात छोटासा बदल झालेला असतो, त्यामुळे जिवाणूची तीच युक्ती दुसऱ्या टप्प्यावर अडते. जिवाणूने एका अडथळ्यावर मात केली तरी उरलेले दोन शिल्लक राहतात, म्हणून एकाच जनुकाच्या वाणापेक्षा अशा वाणाची प्रतिकारशक्ती अधिक काळ टिकण्याची शक्यता असते.

ही तिन्ही जनुके एका वाणात आणणे नुसत्या डोळ्यांनी निवड करून जवळपास अशक्य होते. एक्सए 5 आणि एक्सए 13 ही अप्रभावी (म्हणजे दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय गुण न दाखवणारी) जनुके असल्याने संकराच्या पहिल्या पिढीत त्यांचा गुण दिसतच नाही, आणि ज्या रोपात एक्सए 21 आहे ते रोप मुळातच निरोगी दिसत असल्याने त्यात बाकीची दोन आहेत की नाहीत हे रोगाची लागण करून कळत नाही. म्हणून प्रत्येक पिढीत रोपांच्या डीएनएमधील खुणा तपासून योग्य रोपे निवडली गेली आणि त्यांचा मूळ सांबा महसुरीशी पुन्हापुन्हा संकर केला गेला, जेणेकरून प्रतिकारक जनुके तेवढी राहावीत आणि बाकी सर्व काही मूळ वाणाचेच व्हावे. येथे प्रयोगशाळेचा उपयोग रोपे ओळखण्यापुरता झाला आहे. जनुके आली ती संकरानेच, त्यामुळे हा वाण जनुकबदल केलेल्या पिकांत मोडत नाही. गावात याविषयी अनेकांचा गैरसमज आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

शेतात या कामाचा परिणाम दिसतो. पऱ्ह्यापासून (रोपवाटिकेपासून) रोवणीपर्यंत दोन्ही वाण वेगळे ओळखू येत नव्हते. सप्टेंबरमधील वादळी पावसानंतर मात्र धुऱ्याच्या (बांधाच्या) एका बाजूला बीपीटीची पाने टोकाकडून जळत गेली आणि दुसऱ्या बाजूला सुधारित वाणाची ध्वजपाने, ज्यांवर दाणा भरण्याची भिस्त असते, शेवटपर्यंत हिरवी राहिली. त्यावर तुरळक पिवळ्या रेघा आल्या, पण त्या पुढे सरकल्या नाहीत. हा वाण मूळ बीपीटीपेक्षा साधारण आठ-दहा दिवस आधी कापणीला येतो, आणि शेवटचे पाणी मिळेल की नाही याची धाकधूक असलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या शेतकऱ्याला या आठ-दहा दिवसांचे मोल फार आहे. उत्पादनाविषयी मात्र वाजवी अपेक्षा ठेवावी. रोग नसलेल्या वर्षी हा वाण मूळ बीपीटीइतकाच पिकतो. रोगाच्या वर्षी जे गेले असते ते वाचते, एवढाच त्याचा लाभ आहे आणि तो पुरेसा आहे.

दाण्याच्या बाबतीत कुठलीही तडजोड झालेली नाही. मिलवाल्याने दोन्ही धानांना सारखाच भाव दिला, भरडाईत कणीचे प्रमाण सारखेच आले आणि घरात शिजवलेल्या भातात कोणालाच फरक कळला नाही. जो दाणा लोक वर्षानुवर्षे आवडीने खातात तो न बिघडवता रोगप्रतिकार मिळवणे हे काम नवा, अनोळखी वाण काढण्याहून अवघड आहे असे मला वाटते. या तांदळाचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातील साखर किती झपाट्याने वाढते याचे माप, 51 च्या आसपास, म्हणजे कमी गटात मोडणारा, आढळला आहे आणि त्यामुळे मधुमेही ग्राहकांकडून त्याची विचारणा होते. तरीही तांदूळ किती पॉलिश केला आणि ताटात किती वाढला यावर बरेच अवलंबून असते. विक्रेत्यांनी त्याला औषध म्हणून खपवू नये.

आता उणिवांकडे येऊ. पहिली उणीव वाणाच्या ख्यातीमुळे झाकली जाते : ‘करपा प्रतिकारक’ एवढेच ऐकून शेतकरी निर्धास्त होतो, परंतु हा प्रतिकार केवळ जिवाणूजन्य कडा करप्याला आहे. बुरशीजन्य करपा, पर्णकोष करपा, खोडकिडा आणि तुडतुडे यांपासून त्याला कोणतेही विशेष संरक्षण नाही. आमच्याकडेही तुडतुड्यांसाठी बांधीतले पाणी काढावे लागले आणि फवारणी करावी लागली. हलक्या, लवकर वाळणाऱ्या जमिनीत आणि पावसाच्या भरवशावरच्या आवत्यासाठी (बियाणे थेट फेकून केलेल्या पेरणीसाठी) हा वाण घेऊ नये. अशा ठिकाणी लवकर येणारे वाण बरे.

दुसरी उणीव बियाण्याच्या पुरवठ्याची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. दाणा, रोप, लोंबी सर्व काही बीपीटीसारखेच असल्यामुळे पिशवीत नेमके काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एका कृषी केंद्रातून ‘सुधारित’ म्हणून जादा दराने घेतलेल्या बियाण्याची पाने सप्टेंबरमध्ये बीपीटीसारखीच जळाली, आणि तोपर्यंत तक्रार करण्याची वेळ निघून गेलेली होती. म्हणून पायाभूत बियाण्याची पांढरी किंवा प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी पाहिल्याशिवाय, तिच्यावर वाणाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय आणि पक्की पावती घेतल्याशिवाय हे बियाणे घेऊ नये. एकदा खात्रीचे बियाणे हाती आले की ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, कारण हा संकरित (हायब्रिड) वाण नसून सरळ वाण आहे. भेसळीची रोपे लोंबी येताना उपटून टाकावीत आणि बांधीच्या मधल्या भागातील धान वेगळे चुरून बियाण्यासाठी ठेवावे. स्वतःचे बियाणे राखण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिलेलाच आहे.

ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे, जमीन भारी आहे आणि दरवर्षी कडा करपा येतो, त्यांनी बीपीटीऐवजी हाच वाण लावावा असे मी निःशंकपणे सांगेन. ज्यांच्या भागात बुरशीजन्य करपाही तितकाच त्रास देतो, त्यांनी याच संस्थेच्या डीआरआर धान 62 या पुढच्या वाणाची चौकशी करावी, कारण त्यात दोन्ही रोगांचा प्रतिकार आणला आहे. डीआरआर धान 58 खारट जमिनीसाठी आणि डीआरआर धान 60 स्फुरद कमी असलेल्या जमिनीसाठी आहे. हे वाण आमच्या शेतात अजून लावलेले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.