फिरत्या डीजेचा पहिला संच: कंट्रोलर की स्टँडअलोन, विकत की भाड्याने

नवा डीजे भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंट्रोलर कुठला घेऊ? मीही तोच विचारला होता आणि जमवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्यातच, म्हणजे गाणी चालवायच्या त्या बटणांच्या पाटीत, घातले होते. उरलेल्या पैशांत जे बसले ते स्पीकर घेतले. पहिल्याच पार्टीत खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात नुसतं टिक-टिक ऐकू येत होतं, बेसचा पत्ता नव्हता. माझा कंट्रोलर मात्र झगमगत होता. नाचायला आलेल्यांपैकी कोणीही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

क्लबमधल्या डीजेचं बरं असतं. मिक्सर (वेगवेगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र), स्पीकर, लाइट सगळं जागेवर असतं. तो पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन येतो. आपल्याला रिकाम्या खोलीत सगळं नेऊन उभं करायचं असतं आणि रात्री तेच उतरवून गाडीत भरायचं असतं. म्हणून खाली तुलना करताना मी दोनच गोष्टी धरल्या आहेत: वस्तू बंद पडली तर आवाज किती वेळात परत येतो, आणि ती उचलायची कोणी.

कंट्रोलर आणि लॅपटॉप, की स्टँडअलोन?

कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला यूएसबीने जोडायची बटणांची पाटी. गाणी लॅपटॉपमध्ये असतात आणि काम सॉफ्टवेअर करतं: रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे यांपैकी एखादं. कंट्रोलरच्या पोटात साउंड कार्ड असतं, आणि खरी किंमत त्याची आहे. त्याच्यामुळे हॉलला एक गाणं आणि तुमच्या हेडफोनला दुसरं ऐकू जातं. नुसत्या लॅपटॉपला किंवा फोनला हे सहजासहजी जमत नाही.

स्टँडअलोनमध्ये स्क्रीन आणि प्रोसेसर मशीनमध्येच असतात. पेनड्राइव्ह खोचायचा आणि वाजवायचं. पायोनियरचं एक्सडीजे-आरएक्स २०१५ मध्ये आलं, डेनॉनचं प्राइम ४ हे २०१९ मध्ये. आता या प्रकारात लहान-मोठी बरीच मशीन मिळतात, काही बॅटरीवर चालणारीसुद्धा.

लॅपटॉपच्या बाजूने मोठा मुद्दा कीबोर्डचा. शाळेच्या डान्सला टेबलापुढे फर्माईश घेऊन आलेल्या मुलांची रांग लागते. गाण्याची तीन अक्षरं टाइप केली की गाणं समोर. टचस्क्रीनवरही शोधता येतं, पण अंधारात, घामेजल्या बोटांनी, चार जण एकदम ओरडत असताना चुका होतात.

विरोधात मुद्दा असा की लॅपटॉप बिचारा या कामासाठी जन्मलेलाच नाही. तो मध्येच अपडेट मागतो, झोपी जातो, मेल आला की हॉलभर ‘टिंग’ वाजवतो. माझ्या बाबतीत तर त्याने काहीच चूक केली नव्हती. शाळेचा डान्स होता, माझी दुसरी की तिसरी ऑर्डर. एक्सटेन्शन बोर्डावरचं चार्जरचं बटण माझ्याच पायाने बंद झालं आणि मला पत्ताच नाही. पाऊण तासाने लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या नादात मंदावला. आधी गाण्यात खरखर आली, मग तुकडे पडायला लागले, मग शांतता. दीडशे मुलांनी एकदम ‘ओऽऽऽ’ केलं. लॅपटॉप परत चालू होऊन सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चारेक मिनिटं गेली असतील. त्या चार मिनिटांत मी काहीतरी घोषणा करू शकलो असतो, पण माइक कंट्रोलरला लावलेला होता, आणि कंट्रोलरचा जीव लॅपटॉपच्या यूएसबीवर.

तेव्हापासून कंट्रोलर आणि स्पीकर यांच्यामध्ये मी चार-सहा चॅनेलचा साधा मिक्सर ठेवतो. पहिल्या चॅनेलला कंट्रोलर, दुसऱ्याला माइक, तिसऱ्याला फोन. फोन फ्लाइट मोडवर टाकलेला, त्यात तीस-चाळीस हमखास नाचवणारी गाणी उतरवलेली, आणि वायर आधीपासून जोडलेली. लॅपटॉप मेला तर फोनचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करायचा. हा छोटा मिक्सर कुठल्याही ‘स्टार्टर संच’ यादीत दिसत नाही. मी मात्र तो कंट्रोलरच्या आधी घ्यायला सांगेन. आणखी एक उपकार: सुरुवातीच्या बऱ्याच कंट्रोलरना मास्टरसाठी, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या मुख्य आवाजासाठी, आरसीए (जुन्या टीव्हीला असायची तशी लाल-पांढरी) जोडणीच असते. ती वायर लांब ओढली की घूंऽऽ असा आवाज शिरतो. मिक्सर टेबलावर असेल तर आरसीए हातभर लांब पुरते आणि पुढचं अंतर एक्सएलआरने, म्हणजे लांबवर नेली तरी घूंऽऽ न ओढणाऱ्या तीन पिनच्या वायरने, कापता येतं.

स्टँडअलोन आडवं पडत नाही असं नाही. पेनड्राइव्ह खराब झाला तर सगळंच खराब, म्हणून तयारी केलेले दोन पेनड्राइव्ह हवेत. काही मशीन एक्सफॅट ही पेनड्राइव्हची मांडणी वाचत नाहीत, त्यामुळे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला बरा. आणि कॉम्प्युटरपासून पूर्ण सुटका होत नाही. याद्या लावणं, बीट तपासणं, क्यू पॉइंट (गाण्यात नेमकं कुठून सुरू करायचं त्या खुणा) टाकणं हे घरी त्याच्यावरच करायचं असतं.

माझं मत: घरात दणकट लॅपटॉप आधीच असेल तर दोन चॅनेलचा साधा कंट्रोलर घ्या. डीजेसाठी म्हणून लॅपटॉपही नवाच घ्यावा लागणार असेल तर दोन्हींची बेरीज करून बघा. ती बऱ्याचदा स्टँडअलोनच्या जवळ जाते, आणि मग स्टँडअलोन सरस. चार चॅनेलच्या मोहात मात्र दोन्हीकडे पडू नका. पार्टीत एका वेळी दोनपेक्षा जास्त गाणी चालवायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

स्पीकर

इथे वॅटच्या आकड्यांनी फसायला होतं. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा ‘पीक’ असतो, क्षणभराचा. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. उलट मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून दोन स्पीकर शेजारी ठेवून बघताना वॅट सोडा आणि कमाल एसपीएलचा (स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल देतो त्याचा) आकडा बघा.

ॲम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) आतच असलेले, म्हणजे ॲक्टिव्ह स्पीकर घ्या. पॅसिव्हबरोबर ॲम्प वेगळा सांभाळावा लागतो. सुरुवातीला ते झेंगट नको.

खरी निवड १२ इंची, १५ इंची (हे माप आतल्या मोठ्या गोल पडद्याचं) आणि खांबासारखे बारीक, उंच कॉलम यांच्यात आहे. १५ इंचीचा बेस अंगावर येतो, पण आकार आणि वजन दोन्ही वाढतं. १२ इंचीची जोडी एकटा माणूस जिना चढवू शकतो, आणि पुढे-मागे एक सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर) जोडला की १५ इंचीची हौसही भागते. कॉलम स्पीकर दिसायला नेटके असतात, तुकड्यांत सुटतात, आवाज आडवा छान पसरवतात. भाषण आणि जेवणाच्या वेळचं संगीत त्यांच्यावर फार सुंदर वाजतं. शंभर मुलं उड्या मारायला लागली की मात्र लहान कॉलम दमतो. मी १२ इंचीवर आहे आणि समाधानी आहे. कुठलाही घ्या, स्टँडवर डोक्याच्या वर चढवा. जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेतली पोटं आणि पाठी सगळा ट्रेबल (वरचे, बारीक सूर) खाऊन टाकतात, मागे नुसता गडगडाट पोचतो.

आता विकत की भाड्याने? पहिल्या पाच-सहा ऑर्डरींना भाड्याने. प्रत्येक वेळी वेगळा आणा. कुठला आपल्या गाडीत मावतो, कुठला पाठ मोडतो, कुठला अर्ध्या आवाजातच फाटतो, हे दुकानातल्या काचेआडून कळत नाही. भाड्याचा तोटा एवढाच की वस्तू कशी वापरली गेली आहे ते ठाऊक नसतं. घेताना तिथेच लावून दोन्ही स्पीकरवर एक-एक गाणं पूर्ण वाजवून घ्या. कंट्रोलर मात्र भाड्याने घेण्यात अर्थ नाही. तो रोज हाताखाली हवा.

माइक

वायरचा की वायरलेस, यावर फार चर्चा नको: पहिला वायरचा. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय, त्याला कारण आहे. वायरलेस नंतर घ्या, तोही आपल्या देशात कुठल्या फ्रिक्वेन्सीला परवानगी आहे ते बघून. आणि पाहुण्याच्या हाती माइक देताना स्पीकरच्या पुढे जाऊ नका असं सांगा. लोक हमखास तिथेच जाऊन उभे राहतात आणि माइक शिट्टी मारतो.

गाणी: स्वतःची की स्ट्रीमिंग?

स्ट्रीमिंगमध्ये जगातली गाणी हाताशी असतात आणि फर्माईशीला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. पण दोर दुसऱ्याच्या हातात असतो. स्पॉटिफायने जुलै २०२० मध्ये डीजे सॉफ्टवेअरमधून अंग काढून घेतलं, आणि ज्यांच्या सगळ्या याद्या तिथे होत्या ते उघडे पडले. २०२५ मध्ये काही सॉफ्टवेअरमध्ये ते परत आलं, पण मधली पाच वर्षं कोणाच्या भरवशावर काढायची? शिवाय घरगुती सबस्क्रिप्शन हे अटींनुसार खासगी ऐकण्यापुरतं असतं. जाहीर वाजवण्याचा परवाना हा वेगळाच विषय. कुठे तो जागेवाल्याकडे असतो, कुठे आयोजकाकडे, कुठे डीजेने काढायचा असतो. ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा.

नेटचंही आहेच. जाड भिंतींचा हॉल, दोनशे फोन एकाच टॉवरवर, आणि तुम्ही गाणं लोड व्हायची वाट बघताय. मुख्य तीनशे-चारशे गाणी स्वतःची, विकत घेतलेली, ३२० केबीपीएस एमपी३ किंवा त्याहून चांगली. स्ट्रीमिंग फक्त फर्माईशीसाठी. शाळेसाठी प्रत्येक गाण्याची क्लीन (शिव्या-अश्लील शब्द काढलेली) आवृत्ती लागते, आणि नावापुढे ‘क्लीन’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. शेवटपर्यंत ऐका. तिसऱ्या कडव्यात राहून गेलेला एक शब्द मुख्याध्यापकांना बरोबर ऐकू येतो.

आधी पार्टी की आधी शाळा?

पार्टीत यजमान एक आणि पाहुणे सहा वर्षांपासून शहात्तरपर्यंत. जेवताना आवाज बोलण्याच्या खाली, केकच्या वेळी माइक, मग हळूहळू चढवत न्यायचं. मिक्सिंग साधं चालतं. माणसं वाचता यावी लागतात. मधे दहा सेकंद शांतता पडली तरी लोक गप्पा मारत राहतात, हा नवख्याचा मोठा आधार.

शाळेत सगळे एकाच वयाचे, त्यामुळे गाणी निवडणं सोपं आणि संयम शून्य. दीड मिनिटात गाणं बदललं नाही तर कोपऱ्यातला घोळका बाहेर पडतो. वेळ नेमकी ठरलेली, वर्ज्य गाण्यांची यादी शिक्षकांकडून आधी मिळालेली बरी. फॉग मशीन न विचारता लावू नका, स्मोक अलार्म वाजून अख्खी इमारत रिकामी होऊ शकते. स्ट्रोब मी शाळेत नेतच नाही: सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश अपस्माराचा झटका आणू शकतो, आणि हा धोका लहान व किशोरवयातच जास्त दिसतो.

आवाजाचंही तसंच. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास ही एक रुळलेली मर्यादा आहे, आणि अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशोबाने पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली. मुलांसमोर त्याच्या बरंच खाली राहा. ती महिन्यातून एकदा नाचतात. तुम्ही दर शनिवारी स्पीकरशेजारी उभे असता, तेव्हा इअरप्लग तुमच्यासाठीही.

पहिली ऑर्डर ओळखीच्या माणसाची लहान पार्टी घ्या, शाळा तिसरी-चौथी. मोबदला ठरवताना फक्त वाजवण्याचे तास मोजू नका. चार तासांची ऑर्डर म्हणजे दोन तास लावणं, तास-दीड तास उतरवणं आणि प्रवास वेगळा. वेळ वाढवली तर तासाचे किती, हे लिहून घ्या. रात्री ‘अजून एकच गाणं’ म्हणणारा यजमान दुसऱ्या दिवशी फोन उचलेलच असं नाही.

आणि त्या चार्जरच्या बटणावर आता चिकटपट्टी लावलेली असते.