पावलं मोजणारा मनगटी बँड आणि मूडची वही : सहा महिन्यांच्या वापरानंतर

नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असताना ही जोडी खरंच कामाची आहे. फक्त खोक्यातून काढल्याबरोबर बँडमधलं १०,००० पावलांचं लक्ष्य बदला. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये आलेल्या 'मानपो-केई' या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारा'. अंथरुणातून उठणंच जड जात असताना रोज रात्री 'लक्ष्य अपूर्ण' वाचलं की अपराधीपणात भर पडते आणि बँड ड्रॉवरमध्ये जातो.

पहिला आठवडा काही न बदलता नुसतं मोजा. सरासरी २,२०० आली तर लक्ष्य २,७०० ठेवा. दोन आठवडे जमलं की आणखी ५००. हुरूप येण्याची वाट पाहू नका, नैराश्यात तो चालल्यानंतर येतो. म्हणून वेळ ठरवून १० मिनिटं निघायचं.

वहीत चालण्याआधी आणि नंतर अर्ध्या तासाने मूडला ० ते १० गुण द्या. रात्री एकदाच लिहिलं तर शेवटच्या तासाचा मूड अख्ख्या दिवसाला चिकटतो. खरी फसगत तक्ता वाचताना होते. पावलं कमी त्या दिवशी मूड खराब, हे लगेच दिसतं. पण मूड खराब म्हणूनही माणूस कमी चालतो. त्यामुळे आजची पावलं उद्या सकाळच्या गुणांशेजारी मांडा, सोबत झोपेचे तास लिहा आणि महिनाभराच्या नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

चिंतेचा त्रास असेल तर नाडीच्या ठोक्यांची सूचना बंदच ठेवा. चालताना धडधड, घाम, दम लागतो. शरीराला हे पॅनिकसारखंच, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यासारखंच वाटतं. ते पुन्हापुन्हा अनुभवून काही वाईट घडत नाही हे कळलं की भीती ओसरते, पण दर मिनिटाला आकडा तपासत राहिलं तर उलट वाढते. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा वेग पुरे. बीटा ब्लॉकर ही ठोके मंदावणारी औषधं घेणाऱ्यांचे ठोके तसेही फारसे चढत नाहीत, त्यामुळे त्यांनी ठोक्यांवरून वेग ठरवू नये.

सायकल आणि योगासनं बँडच्या पावलांत धड येत नाहीत. त्यांची मिनिटं वहीत लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवली आहे, पण तिथे सावकाश पोचलं तरी चालतं.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरा. गुण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका. नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर चालणं, वही सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.