एअरफोर्समध्ये पायलट व्हायचंय : एनडीए की एएफकॅट?

अकरावी-बारावीतलं मूल ‘मला फायटर पायलटच व्हायचंय’ म्हणू लागलं की घरात पहिला वाद इथेच सुरू होतो. बारावी झाल्याझाल्या एनडीए (तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी नॅशनल डिफेन्स अकॅडमी), की आधी डिग्री हातात घेऊन मग एएफकॅट (वायुदलाची पदवीनंतरची प्रवेश परीक्षा)? बऱ्याच ठिकाणी हा निर्णय पेपर कुठला सोपा यावर घेतला जातो. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. पेपरची तयारी कुणालाही करता येते. खरा फरक पडतो तो तीन गोष्टींनी: सीपीएसएस ही पायलट निवडीची चाचणी, डोळे आणि किती वर्षांची नोकरी हवी ते.

सीपीएसएसबद्दल आधी बोलू, कारण क्लासच्या जाहिरातींत याचा उल्लेख सहसा नसतो. एनडीएतून जा, एएफकॅटमधून जा, पाच दिवसांच्या एसएसबीत (अधिकारी निवडीच्या मुलाखती आणि चाचण्यांत) निवड झाली की फ्लाइंग ब्रँचसाठी ही संगणकीय चाचणी द्यावीच लागते. पूर्वीच्या पीएबीटी या पायलट चाचणीची जागा हिने घेतली. एका भागात कॉकपिटमधल्या डायलचं चित्र बघून विमान कुठल्या दिशेला वळलंय, चढतंय की उतरतंय हे झटपट ओळखायचं. दुसऱ्या भागात यंत्रासमोर बसायचं, हातात स्टिक, पायाखाली रडर, आणि पडद्यावरचं निशाण सतत पळत असताना ते जागेवर आणत राहायचं. हात, पाय आणि डोळे एकाच वेळी कामाला लागतात. घोकंपट्टी इथे उपयोगाची नाही.

आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएच्या वेळी सतराव्या वर्षी नापास झालात, तर बाविसाव्या वर्षी एएफकॅटमधून फ्लाइंगसाठी पुन्हा बसता येत नाही. आर्मी, नेव्हीच्या उड्डाण सोडून इतर शाखा, एअरफोर्सची ग्राउंड ड्युटी हे मार्ग उघडे राहतात, पण वायुदलाचं कॉकपिट कायमचं बंद. म्हणून ‘एनडीए सहज देऊन बघू, अनुभव मिळेल, नाहीतर एएफकॅट आहेच’ हा हिशोब फ्लाइंगच्या बाबतीत धोक्याचा आहे. लेखी परीक्षा कितीही वेळा द्या, त्याने काही बिघडत नाही. सीपीएसएसला मात्र झोप न झालेल्या डोळ्यांनी आणि ‘बघू काय होतंय ते’ म्हणत जाऊ नका.

आता डोळे. फ्लाइंग ब्रँचला मायनस नंबर चालत नाही. एका डोळ्याची नजर 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 हवी, तीही फक्त प्लस नंबर असेल तरच चष्म्याने 6/6 पर्यंत आणून चालते. इथे दोन्ही वाटांमध्ये मोठा फरक आहे. एनडीएसाठी लेसिक (चष्मा घालवणारी लेझर शस्त्रक्रिया) झालेले उमेदवार घेत नाहीत. पदवीनंतरच्या प्रवेशात ठरावीक अटींवर लेसिक चालतं: शस्त्रक्रिया वयाच्या 20 वर्षांआधी झालेली नसावी, ती होऊन किमान एक वर्ष उलटलेलं असावं, शिवाय मूळ नंबर आणि नेत्रगोलाची लांबी यांच्याही मर्यादा आहेत. म्हणजे मुलाला आज मायनस दीडचा चष्मा असेल तर एनडीएतून फ्लाइंगच्या मागे दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही; त्याच्यासाठी एएफकॅट हाच मार्ग. उंची किमान साडे-एकशेबासष्ट सेंटीमीटरच्या आसपास लागते, पायाची आणि बसलेल्या स्थितीतली उंचीही मोजतात. हे सगळं क्लासची फी भरण्याआधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या.

पेपरचं थोडक्यात. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. गणित 300 गुणांचं आणि सामान्य क्षमता 600 गुणांची. गणित अकरावी-बारावीच्या पातळीचं, आणि खरी गाळणी तिथेच होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. एएफकॅट वायुदल स्वतः घेतं. दोन तास, 100 प्रश्न, 300 गुण. गणित सोपं, पण वेळ कमी. पदवीला 60 टक्के आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवेत, वय 20 ते 24. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी यंत्रणेचं कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर 26 पर्यंत.

पुढच्या आयुष्यात फरक पडतो तो कमिशनने, म्हणजे अधिकारी म्हणून मिळणाऱ्या नेमणुकीच्या प्रकाराने. एनडीएतून मिळतं ते पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. खडकवासल्याला तीन वर्षं, जेएनयूची पदवी, मग हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअरफोर्स अकादमीत उड्डाण प्रशिक्षण. एएफकॅटमधून फ्लाइंगला मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस: 14 वर्षं, मुदतवाढ नाही आणि पेन्शनही नाही. दुंडिगलला पोचल्यावर मात्र दोघांचं शिक्षण सारखंच. पिलाटस पीसी-7 या प्रशिक्षण विमानावर सुरुवात, आणि पुढे कौशल्य व गरज बघून फायटर, ट्रान्सपोर्ट किंवा हेलिकॉप्टर. शॉर्ट सर्व्हिसवाल्याला फायटर मिळत नाही, हा समज खोटा आहे.

14 वर्षांनी, म्हणजे साधारण छत्तिशी-अडतिशीत बाहेर पडलेल्या पायलटला नागरी विमान कंपन्यांचं दार उघडं असतं. ज्याला मुळात उडायचंय, हुद्द्याचं आकर्षण नाही, त्याच्यासाठी हा तोटा नाही. पण आधी स्क्वॉड्रनचं, मग स्टेशनचं नेतृत्व, मग एअर मार्शल अशी स्वप्नं असतील तर पर्मनंट कमिशनच हवं. 2021 ते 2024 वायुदलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे, आणि ते एनडीएचेच. पदवीनंतर पर्मनंट कमिशन हवं असलेल्या मुलांसाठी यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा आहे. एनसीसी एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी. हा एनसीसीचा मार्ग फार कमी मुलांना ठाऊक असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलींचं गणित थोडं वेगळं आहे. एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये दाखल झाली आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी बाहेर पडल्या. तो दिवस बघताना ऊर भरून आला. पण अलीकडच्या जाहिरातींत फ्लाइंगच्या 92 जागांपैकी मुलींना फक्त 2 असतात. 2016 मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी फायटर पायलट झाल्या, त्या पदवीनंतरच्या मार्गाने. मुलीने एनडीए जरूर द्यावी, पण कॉलेजची निवड करताना एएफकॅटचा विचार धरूनच करावी.

माझं मत विचाराल तर: नजर स्वच्छ, गणित पक्कं आणि मूल स्वतःहून वसतिगृहात, शिस्तीत राहायला तयार असेल तर एनडीए, दुसरा विचार नको. चष्मा असेल, किंवा सतराव्या वर्षी मूल अजून बुजरं असेल, अनोळखी गटात तोंड उघडत नसेल, तर त्याला कॉलेजची तीन-चार वर्षं मिळू द्या. खेळ, एनसीसी, चार माणसांत वावरणं यातून एसएसबीची तयारी आपोआप होते. आणि मूल अजून दहावीतच असेल तर महाराष्ट्रात आणखी एक चांगली सोय आहे: छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. 1977 पासून सरकार ती चालवतं, आणि 2023 पासून मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी तिथे करून घेतात. त्यासाठी अर्ज दहावीच्या वर्षातच भरावा लागतो. निकालाची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते.