जुन्या वॅगन आरला नवा कॅट: उद्यमबागेतल्या गॅरेजचा अनुभव

आमची वॅगन आर 2013 ची, पेट्रोल, बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष). खानापूर-बेळगाव रोजचं, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. हल्ली घाटात गाडी ओढेना, इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी-0420 कोड आला. म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट, नीट काम करत नाही. एका ठिकाणी तर आतली जाळी फोडून नुसती नळी ठेवा म्हणाले. मला ते बिलकूल पटलं नाही. तो विषारी धूर शेवटी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाणार.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी मात्र नवीन पार्टचा विषय काढायच्या आधी प्लग खोलले. मधला प्लग काळाकुट्ट, पेट्रोलनं ओला. "पहिलं हे बघूया की, नाहीतर नवीन कॅटबी जळतंय," म्हणाले. मिसफायर असला, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटलं नाही, की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. म्हणून अगोदर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) आणि प्लग बदलले, मग कॅट उतरवला. हलवला तर आत खुळखुळ. बॅटरी मारून बघितलं, तर मधाच्या पोळ्यासारखी ती सिरॅमिकची जाळी एका बाजूनं वितळून बुजलेली.

कंपनीचा कॅट फार महाग. बिननावाचा सगळ्यात स्वस्त, पण तो मिस्त्रींनीच नको म्हटला. कॅटचे पैसे आपण मोजतो ते प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या लेपासाठी, आणि तो लेप पातळ असला तर वरून काही कळत नाही. शेवटी नावाजलेल्या मेकरचा घेतला. फ्लँज (नळी जोडायची बोल्टची कडी) आणि सेन्सरची जागा मूळच्या मापाची, त्यामुळं कापाकापी, वेल्डिंग काही नाही. बीएस-4 साठीचा आहे हे डब्यावर छापलेलं, वॉरंटी बिलावर लिहून दिली. हे दोन्ही मागून घ्याच.

आता घाटात गाडी पूर्वीसारखी चढते. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच खाली आला. जुना कॅट न मागता परत दिला, हे मला फार आवडलं; त्या धातूंमुळं भंगारातही त्याला चांगला भाव असतो.

तक्रार एकच. पार्ट कोल्हापूरहून यायला वेळ लागला आणि तोवर गाडी त्यांच्याकडंच पडून होती. जाताना आधी फोन करून पार्ट मागवून ठेवायला सांगा.