रेडिएटर वाचला, होसवर भागलं

वाई-सुरूर रस्त्यावरच्या या गॅरेजला धड पाटीही नाही, पण काम चोख. पसरणी घाट चढताना माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर जायचा, बॉनेटखालून गोडसर वास यायचा. गावातल्या मेकॅनिकनं सरळ रेडिएटर बदला म्हणून सांगितलेलं. इथल्या मामांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं, हातपंपानं कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) सिस्टीमला साधारण एक बार दाब दिला आणि टॉर्च घेऊन गळती शोधत बसले. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, हीटरच्या होसला (रबरी नळीला) क्लिपखाली चीर पडली होती. आतला मॅट कोरडा, म्हणजे हीटर कोअर (केबिन गरम करणारा आतला छोटा रेडिएटर) बहुतेक शाबूत, हेही त्यांनीच दाखवलं. जुना होस ओढला नाही, ब्लेडनं उभा चिरून काढला. ओढाओढीत कोअरची नळी वाकते म्हणे. नवा होस, नव्या क्लिपा, निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. मग हीटर फुल गरमवर ठेवून, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवून सिस्टीममधली हवा काढली. शेवटी माझ्यासमोर पुन्हा दाब देऊन पाहिला. असं कोण करतं हो हल्ली?

बसायला जागा नाही, चहा मात्र मिळतो. कार्ड चालत नाही, बिल मागून घ्यावं लागतं. मांढरदेवीच्या यात्रेत तिकडे फिरकू नका. तेव्हा गर्दी असते आणि मामा वैतागलेले.