ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन पेन: जुन्या इसबवालीचं मत

इसबावरच्या ड्युपिलुमॅब या औषधानं खाज कमी होते, हे कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते चिघळण्याबद्दल. कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे पाणी सुटायचं, त्यावर मधाच्या रंगाची खपली धरायची, की पुन्हा अँटिबायोटिकचा कोर्स. साताऱ्याला आजीनं कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळी घातल्या, इथे इंग्लंडात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन झालं. त्यात रक्तदाब आणि किडनीवर सतत लक्ष.

हे औषध वेगळं आहे. इसबात इंटरल्युकिन ४ आणि १३ या, प्रतिकारशक्तीचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांचा जोर वाढतो. त्यामुळे त्वचेचा बांध कमकुवत होतो, शिवाय जंतू मारणारी तिची स्वतःची प्रथिनंही कमी तयार होतात. मग स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मुक्कामच ठोकतो. ड्युपिलुमॅब या दोन इंटरल्युकिनांचा निरोप पोचतो तिथेच अडवतं, सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही. माझं चिघळणं थांबलं ते यानंच. उशीच्या अभ्र्यावर आता रक्ताचे डाग नसतात, आणि मी काळा कुर्ता बिनधास्त घालते.

सुरुवातीला दोन इंजेक्शनं एकदम, नंतर दर दोन आठवड्यांनी एक. फ्रीजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवायचं. घाई केली तर जास्त झोंबतं. मांडीवर दाबून धरलं की टक् आवाज येतो आणि पेनावरची छोटी खिडकी पिवळी व्हायला लागते. पूर्ण पिवळी होईपर्यंत हात हलवायचा नाही. सुई दिसत नाही, ही माझ्यासारख्या भित्र्यांची मोठीच सोय.

त्रास झाला तो डोळ्यांचा: लाल, चरचरीत. हा माहितीतलाच दुष्परिणाम आहे, ड्रॉप्सनं आटोक्यात आला. पण डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. तापाबरोबर एकसारखे बारीक फोड उठले, तर ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. जिवंत लस (जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची) घेण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

किंमत भयंकर. दोन पेनांचा जाहीर दर सुमारे १,२६५ पौंड. एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मिळतं म्हणून परवडतं. नाइसनं (एनएचएसवर कोणती औषधं द्यायची ते ठरवणारी संस्था) २०१८ मध्ये मोठ्यांसाठी मान्यता दिली, तीही सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेटसारखं एखादं औषध आधी घेऊन झालं असेल तरच.

गावी येताना पेन हातातल्या बॅगेत, बर्फाच्या पाकिटांसोबत पण त्यांना न चिकटवता ठेवा. फ्रीजबाहेर ते २५ अंशांपर्यंतच, जास्तीत जास्त १४ दिवस टिकतं, आणि साताऱ्याचा एप्रिल २५ अंशांवर थांबत नाही.