वेबसाइटचे पत्ते छोटे करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वेबसाइट जुनी, पत्ते लांबलचक: प्रॉडक्ट डॉट पीएचपी, पुढे प्रश्नचिन्ह, मग आकडे. व्हॉट्सॲपवर पाठवले की गिऱ्हाईक बिचकायचं. एक जण दुकानात आला आणि म्हणाला, "वहिनी, नुसतं स्लॅश समई टाकलं की समईचं पान उघडेल." आगाऊ पैसे आणि होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेचा, पासवर्ड घेऊन त्याने ते करूनही दिलं. काम वरून अगदी चोख होतं.

मग कळव्याच्या एका नेहमीच्या ताईंचा फोन आला. "गुगलवर तुमचं नाव शोधून टिचकी मारली की सट्ट्याची साइट उघडते हो!" आम्ही पत्ता टाकून पाहिला, तर आमचंच दुकान. त्या माणसाला विचारलं, तर म्हणे त्यांच्या फोनमध्ये व्हायरस असेल. पुन्हा तक्रार आली तेव्हा त्यानेच 'सिक्युरिटी पॅकेज'चे वेगळे पैसे मागितले. हा निर्ढावलेपणा मला अजून पचत नाही.

भाच्याने होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल दिसतील असं सेटिंग केलं आणि डॉट एचटीॲक्सेस उघडली. अपाची नावाच्या सर्व्हरवर कोणता पत्ता कुठे न्यायचा याचे नियम सहसा याच फाइलमध्ये असतात. वर समई, घंगाळ, कळशी, सगळ्यांच्या ओळी नीट मांडलेल्या. त्याखाली कोऱ्या ओळीच ओळी. सरकवत सरकवत तळाशी गेल्यावर सापडलं: माणूस गुगलवरून आला असेल आणि मोबाइलवर असेल, तर ३०२ रीडायरेक्टने, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे वळवणाऱ्या सूचनेने, त्याला त्या सट्ट्याच्या साइटवर धाडायचं. मालक थेट पत्ता टाकतो, तोही दुकानातल्या कॉम्प्युटरवर. त्याला काही दिसूच नये म्हणून ही अट.

पत्ता छोटा करायला खरं तर एवढंच लागतं: रीराइट नावाच्या नियमाने सर्व्हर आतल्या आत छोट्या पत्त्यावर जुनं पान दाखवतो, आणि ३०१ रीडायरेक्टने जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळतो, म्हणजे आधी वाटलेल्या लिंकही चालू राहतात. गिऱ्हाईक कुठून आलं याची चौकशी त्यात लागत नाही. परकं डोमेन, म्हणजे दुसऱ्याच साइटचं नाव, दिसलं तर लगेच जाब विचारा.

आम्ही त्या ओळी पुसल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! फाइल परत लिहिणारा क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, त्याने लावून ठेवला होता. तो काढला, होस्टिंग, एफटीपी (फाइल चढवायचं खातं), डोमेन सगळ्यांचे पासवर्ड बदलले. फाइलची प्रत आम्ही आधीच काढून ठेवली होती. ती आणि पैसे दिल्याची नोंद जोडून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

हा माणूस गोखले रोडवरच्या आणखी दुकानांत जाऊन आलाय. ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलंय, त्यांनी आजच मोबाइलवर गुगलमधून आपली साइट उघडून पाहा, आणि ती फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.